उतारावरचं तळघर

“मेल्या मानसाले पुरतेत, भाऊजी. तुमी जित्या बायाइले पुरून राहिले,” माणिकबाई म्हणाली आणि हातातली कापसाची टोपली तिनं ओसरीत आदळली.

“ऐक दादा, ऐक!” खुशालराव थोरल्या भावाकडे वळला. “तळघराचं नाव काढलं का वयनी मसनात जाऊन पोचतेत. अकोल्याच्या लोकाइनं तळघरं बांधली ते काय मुडदे ठेवाले?”

“अकोल्याच्या तळघरात कोन बसते ते पाह्यलं काय तुमी? का वरूनच पाहून आले?”

“गहू ठेवतेत. तूप ठेवतेत. थंड राह्यते सारं.”

“गव्हाले नाक नसते भाऊजी.”

दाराच्या आत कौशल्या, खुशालरावाची बायको, फिसकन हसली आणि हसता हसता तिला खोकला लागला. सूर्यभान खांबाला टेकून अंबाडीचा दोर वळत होता. माणिकबाईचा नवरा, घरात सगळ्यांत थोरला. त्यानं वर न पाहता म्हटलं, “पाहू.”

गेली तीस वर्षं तो प्रत्येक भांडणात हेच म्हणत आला होता.

भांडण नव्या घराचं होतं. तीन वर्षांपासून कापसाचं काही विलक्षणच चाललं होतं. सातासमुद्रापलीकडे कुठं तरी लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला होता, आणि त्या लढाईशी काडीचा संबंध नसलेल्या वलगावात लोक जुनी घरं पाडून नवी बांधत होते. या दोघा भावांनी गावाच्या शेवटाला, अमरावतीहून चांदूर बाजाराकडे जाणाऱ्या गाडीवाटेला लागून, एक जागा घेतली होती. जागा ऐसपैस होती, पण उताराची. वरचा काठ गावच्या गल्लीला लागलेला, खालचा गाडीवाटेला, आणि मध्ये चांगला दीड पुरुष उतार.

अशा जागेवर घर उभं करायचं तर खालच्या अंगाला जोतं उंच चढवावं लागतं आणि त्या जोत्याच्या पोटात गाड्यांवर गाड्या मुरूम ओतावा लागतो. खुशालरावाच्या मते हा शुद्ध वेडेपणा होता. कापूस घेऊन तो अकोल्याला गेला असताना एका व्यापाऱ्याचं घर पाहून आला होता. त्या माणसानं जोत्याचं पोट भरलंच नव्हतं, पोकळ ठेवलं होतं. रस्त्याच्या बाजूनं सलग दगडी भिंत, दहा पायऱ्या चढून वर बैठक, आणि बैठकीच्या खाली तळघर. घराच्या आतली फळी उचलायची आणि उतरायचं. खुशालरावाच्या डोक्यात ते घर तेव्हापासून ठाण मांडून बसलं होतं. फरक एवढाच, की व्यापारी तिथं गहू-तूप ठेवत होता आणि खुशालरावाला तिथं रेचे ठेवायचे होते.

कापसातली सरकी काढायचा तो लाकडी रेचा. लाटण्यासारख्या दोन लाटा आणि एक मूठ. एक बाई मूठ फिरवते, दुसरी लाटांत कापूस देते. रुई पलीकडे पडते, सरकी अलीकडे. घरात चार रेचे होते. दिवाळीपासून पावसाच्या तोंडापर्यंत माणिकबाई, कौशल्या आणि गावातल्या सहा बाया त्यांच्यावर बसत, सकाळी भाकरी झाल्यावर ते दिवेलागणीपर्यंत. तेव्हा तळघर कुणासाठी, हे विचारायची गरजच नव्हती.

“वयनी, आता आपल्याकडे लोक येतेत,” खुशालरावानं आवाज खाली आणला. समजूत घालायची असली की तो असा बोलायचा. “अमरावतीचे दलाल येतेत. ओसरीत बसले का समोर आठ बाया. डोक्यात रुई, लुगडी गुडघ्यावर. चांगल्या घरच्या बाया अशा वाटेवर दिसत नाहीत.”

“चांगल्या घरच्या म्हंजे कोन्त्या? ज्यायच्या घरी सरकी आपोआप निंघते त्या?”

“मी इज्जतीची गोष्ट करून राहिलो.”

“अन् मी हवेची. आता सांगा, कोन्त्या गोष्टीवाचून मानूस आधी मरते?”

खुशालरावानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. आता तो चिडला होता.

“खरं सांगू काय? तुमाले भेव वाटते. बाळापूरचं पेव अजून निंघालं नाही तुमच्या डोक्यातून. म्हनून साऱ्या घरानं जलमभर ओसरीतच बसाचं काय?”

सूर्यभानाचे हात थांबले. ते पेव घरात सगळ्यांना माहीत होतं, पण भांडणात त्याचं नाव आजवर कोणी काढलं नव्हतं.

माणिकबाईचं माहेर बाळापूरचं. बाप शेतकरीच, पण पेव खणण्यात त्याच्यासारखा हात आसपासच्या गावांत कुणाचा नव्हता. जमिनीत घागरीसारखं पोट करायचं, तोंड मात्र माणूस जेमतेम उतरेल एवढंच ठेवायचं, आतून शेणामातीनं सारवून वाळवायचं आणि ज्वारी भरून तोंड बुजवून टाकायचं. चांगलं पेव चार-चार वर्षं ज्वारी राखतं. मात्र उघडताना घाई चालत नाही. एक दिवस तोंड नुसतं उघडं सोडायचं, मग दोराला दिवा बांधून आत सोडायचा. दिवा जळत राहिला तर माणसानं उतरायचं.

माणिकबाईच्या थोरल्या भावाचं लग्न होतं त्या वर्षी पाहुणे एक दिवस आधी आले आणि ज्वारी कमी पडली. दिवा सोडायला कुणाला सवड झाली नाही. नऊ वर्षांची पोर हलकी, म्हणून तिच्या कमरेला दोर बांधून तिलाच आत सोडलं. तिनं दोन टोपल्या भरून वर दिल्या. तिसरी आली नाही. बापानं दोर ओढला तेव्हा तिचे ओठ जांभळासारखे झाले होते. पालथी घालून, पाणी मारून, तोंडावर वारा घालून ती शुद्धीवर आली तोवर मांडवात पंगत उठली होती.

त्यानंतर ती दार लावलेल्या खोलीत कधी निजली नाही. लग्न होऊन वलगावला आली त्या वर्षी पौषाच्या थंडीतही तिनं ओसरीतच वाकळ अंथरली. सासूनं नावं ठेवली, शेजारणींनी आणखी काही ठेवलं. सूर्यभान एक-दोन दिवस आत-बाहेर करत राहिला आणि मग आपलीही वाकळ उचलून बाहेर आला. त्याबद्दल तो कधी काही बोलला नाही. माणिकबाईनं पुढे त्याचे अनेक ‘पाहू’ गिळले ते त्या एका गोष्टीपायी.

पण बापाकडून तिनं नुसती भीती आणली नव्हती. माती ओळखणं आणलं होतं. गाव बसतं ती पांढरी, पीक येतं ती काळी. पेव खणायचं ते पांढरीत. काळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यात उभी केलेली भिंत दोन-तीन पावसांत पोट काढते. हे ती बापाच्या मागे मातीच्या टोपल्या उपसताना शिकली होती.

नव्या जागेची परीक्षा झाली तेव्हा ते कामी आलं. खुशालरावानं जोशीबुवांना विचारून हातभर खड्डा खणवला, निघालेली माती परत त्यातच भरवली. माती उरली. माती उरली म्हणजे भरभराट. त्यानं तिथंच गूळ वाटला. माणिकबाईनं गूळ तोंडात टाकला, उरलेल्या मातीचं एक ढेकूळ उचलून बोटांनी फोडलं आणि म्हणाली, “ही तं काळी हाये. काळी एकदा उकरली का भोकात परत मावत नाही. तुमच्या वावरात कोठीबी खड्डा करा भाऊजी, भरभराटच होईन.” अकोल्याहून आणलेला देवीदास गवंडी खो खो हसला. मग त्यानं उतारावर वर सरकत सरकत चार ठिकाणी पहारी मारल्या, आणि पाच हात वर पांढरी लागली. घर तितकं वर सरकलं. खुशालरावानं ते मान्य केलं, पण विसरला नाही. आजचं पेवाचं बोलणं त्या गुळाचा वचपा होता.

“वाटते भेव,” माणिकबाई म्हणाली. “म्या कधी नाही म्हनलं?”

तेवढ्यात आतून कौशल्यानं तिला खूण केली. भासऱ्यापुढे, म्हणजे थोरल्या दिरापुढे, कौशल्या बोलत नसे. सूर्यभान ओसरीत असला की डोईवरचा पदर नाकापर्यंत यायचा आणि जे काय सांगायचं ते जावेच्या कानात. माणिकबाई दारापाशी गेली, ऐकून घेतलं आणि मोठ्यानं सांगितलं, “कौशल्या म्हनते, भेव तिलेबी वाटते. अन् तिले कोनी पेवात सोडलं नव्हतं.”

“तिले काय समजते!” खुशालराव ओरडला. “तुमी शिकवता अन् ते बोलते. अवो, देवीदासानं खंदून ठेवलं हाये ना तिथं? वरून तट्टे टाकले, खालचं अंगबी बंद करून ठेवलं. तळघर जसं होईन तसंच हाये सारं. एकडाव उतरून तं पाहा! वैशाखात गारवा कसा लागते ते पाहा, मंग बोला.”

“उतरते,” माणिकबाई म्हणाली.

खुशालरावाला हे अपेक्षित नव्हतं.

“उतरते, पन रेचा घेऊन. गारवा पाहाले नाही, सरकी काढाले बसवून राहिले ना तुमी आमाले? मंग तेच करून पाहू. मी कापूस देते. मूठ फिरवाले तुमी या.”

“मी? रेच्यावर?”

“काहून? आत कोनी पाहत नाही म्हनता ना?”

आतून पुन्हा फिसकन आवाज आला. आता नाही म्हणणं खुशालरावाला जड होतं. त्यानं पागोटं डोक्यावर चढवलं, मग रेच्यापाशी ते आडवं येईल हे लक्षात येऊन पुन्हा काढलं.

दुपार चढली होती. जागेवर देवीदास निंबाखाली तंबाखू मळत बसला होता. उतार कापून त्यानं आठ हात लांब, सहा हात रुंद असं खणून ठेवलं होतं. गल्लीकडची मातीची भिंत पुरुषभर उंच, वाटेकडची जेमतेम गुडघ्याएवढी. खुशालरावानं ती गुडघ्यावरची मोकळी बाजू बांबूच्या कामट्यांचे तट्टे उभे करून, मागे मातीनं भरलेली पोती रचून बंद केली होती. वर बांबूंवर तट्टे आणि तट्ट्यांवर माती. एका कोपऱ्यात माणूस वाकून जाईल एवढं भोक.

“देवीदास, हे सारं तुमीबी पाहून ठेवा,” माणिकबाई म्हणाली.

“मी खंदतो बाई. कोनाले कोठी बसवाचं ते मालकाइचं काम,” देवीदास म्हणाला, पण तंबाखू तोंडात टाकून भोकापाशी येऊन बसला.

आधी रेचा गेला, मग कापसाची दोन गाठोडी, मग कोनाड्यात ठेवायला दिवा. मग खुशालराव. माणिकबाई भोकाच्या तोंडाशी थांबली. भीती होती. ती नव्हती असं ती पुढे कधीही म्हणाली नाही. नाकात एकदम जुन्या ज्वारीचा, दमट सारवणाचा वास आला, जो तिथं नव्हताच. तिनं दिव्याकडे पाहिलं. दिवा जळत होता. तिनं लुगड्याचा ओचा खोचला आणि उतरली.

“गार हाये का नाही?” खुशालरावानं विचारलं.

“हाये.” खोटं बोलायचं तिला कारण नव्हतं. बाहेर ऊन डोळ्यांवर येत होतं आणि इथं मातीची भिंत पाठीला माठासारखी गार लागत होती. “बेस गार हाये. फिरवा मूठ.”

रेचा कुरकुरला. पहिल्या ओंजळीची रुई लाटांतून पुढे सरकली, सरकी टपटप खाली पडली. खुशालराव जोरात फिरवू लागला.

“हळू. लाट तापली का सरकी फुटते, अन् रुईले डाग पडते.”

“मले शिकवता आता?”

“मंग कोनाले? इथं दुसरं कोन हाये?”

दुसरी ओंजळ, तिसरी, दहावी. ओसरीत रेचा फिरतो तेव्हा कापसातला बारीक तूस, वाळलेल्या पानाचा चुरा, धूळ, सारं वाऱ्याबरोबर अंगणात जातं. बायांच्या केसांत राहतं तेवढंच राहतं. इथं ते कुठंच गेलं नाही. दिव्याच्या उजेडात ते आधी धुरासारखं दिसलं, मग दिसेनासं झालं, कारण दिव्याचाच उजेड मळकट झाला. माणिकबाईनं पदर नाकाला बांधला. खुशालरावाला बांधायला काही नव्हतं. तो एकदा खोकला, दोनदा खोकला, मग डोळे चोळले.

“तुमची मिशी पांढरी झाली भाऊजी.”

“तुमी कापूस द्या.”

गाठोडं निम्मं झालं असेल नसेल. दिव्याच्या वर कोनाड्याच्या कडेला तुसाचा एक झुबका जमला होता. तो सुटून खाली आला आणि ज्योतीवर पडला. भप्पकन उजेड झाला आणि जळतं बोंड खाली, रुईच्या ढिगाच्या हातभर अलीकडे येऊन पडलं. माणिकबाईनं ते तळव्यानं दाबलं. दाबून धरलं, विझेपर्यंत.

मूठ थांबली होती.

“भाजलं काय?” खुशालरावाचा आवाज बारीक आला.

“थोडंसं.”

“दिवा... दिवा नकोच मंग. दिवा काढून टाकू.”

“अंधारात लाटात बोटं जातेत. कौशल्याची गेली तं भाकरी कोन थापन तुमची?”

खुशालरावानं डोळ्यांतला तूस पुसला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त एक घर फार आवडलं होतं. “झरोके ठेवू,” तो म्हणाला. “वाटेकडे दोन झरोके. उजेडबी येईन, हवाबी येईन.”

“अन् गाड्याइची धूळ? चांदूरच्या बाजारादिवशी शंभर गाड्या जातेत या वाटेनं. सारी धूळ रुईत. मंग तुमचा अमरावतीचा दलाल त्या रुईले हात लावन काय?”

 उत्तर द्यायला खुशालरावानं मोठा श्वास घेतला आणि खोकल्याची अशी उबळ आली, की तो रेचा सोडून भिंतीला धरून वाकला. माणिकबाई उठली. भोकाकडे न जाता ती वाटेच्या बाजूला गेली आणि तिनं खांदा लावून तट्ट्याला रेटा दिला. एक पोतं सरकलं, मग दुसरं. तट्टा पोत्यांसकट बाहेर पडला आणि उजेड सरळ आत शिरला.

समोर, अगदी हातावर असल्यासारखी, गाडीवाट होती. एक गाडी चालली होती. बैलांचे खूर, चाकं, आणि वर धुरेवर बसलेला गावचाच चंद्रभान. त्यानं कासरा ओढला.

“राम राम खुशालराव! रेच्यावर बसले काय जी? घरच्या बाया कोठी गेल्या?”

खुशालराव नखशिखान्त पांढरा झालेला होता. तो लगबगीनं वहिनीच्या मागे झाला. चंद्रभान हसत हसत पुढे गेला आणि पुढच्या गाडीवाल्याला काही तरी सांगताना दिसला.

माणिकबाई मात्र त्याच्याकडे पाहत नव्हती. ती वाटेकडे पाहत होती. इथं बसलं की जाणारी येणारी प्रत्येक गाडी दिसते. कोण आलं, कोण गेलं, कुणाचा कापूस कुठं चालला. पाहुण्याला दहा पायऱ्या चढायला नकोत. गाडीतून उतरला की चार पावलांत गादीवर. ज्याला रस्ता पाहिजे आणि रस्त्यावरच्यांनी आपल्याला पाहायला पाहिजे, त्याच्यासाठी याहून चांगली जागा साऱ्या वलगावात नव्हती. मग ती गुडघाभर कड ओलांडून बाहेर आली आणि तिनं मागे वळून वर पाहिलं. पुरुषभर उंच पांढरीच्या वर गल्लीचा काठ होता, तिथं निंब होता आणि निंबाची पानं हलत होती. खाली वैशाखाची काहिली, पण तिथं वारा होता. आणि खाली रस्त्यावरून तिथलं कुणी दिसत नव्हतं.

“देवीदास,” तिनं हाक मारली. “खालचं अंग सारं मोकळं ठेवलं, खांब देऊन, तं वरचं घर उभं राहीन काय?”

देवीदास भोकापासून उठून खाली आला. “सागाचे चार खांब द्या, राहीन ना. उलट बेस राहीन. मांगची भिंत पांढरीत हाये, तिले भेव नाही. फक्त वरून गल्लीचं पानी येते, ते भिंतीच्या मांगं मुराले नाही पायजे.”

“मांगून चर खंदला तं?”

“चर खंदला तं मंग काही चिंताच नाही.”

माणिकबाईनं हाताची जळलेली बाजू लुगड्याला पुसली आणि घराकडे चालू लागली. खुशालराव अंग झटकत मागून आला. 

ओसरीत सूर्यभान तिथंच होता, दोर बराच लांब झाला होता. सहा बायांपैकी चौघी रेच्यांवर होत्या. खुशालरावाला पाहून त्यांनी माना खाली घातल्या, पण खांदे हलायचे थांबले नाहीत. देवीदास मागोमाग येऊन पायरीवर बसला. माणिकबाईनं सूर्यभानाला सगळं सांगितलं. तूस, दिवा, हात, झरोके, धूळ. आणि मग काय करायचं तेही.

“बैठक खाली?” खुशालरावाला वाचा फुटली. “अन् रेचे वर? म्हंजे दलाल येऊन बसला, अन् त्याच्या डोक्यावर बाया चालून राहिल्या! बायाइच्या पायाखाली बैठक! दादा, कोन्या घरात पाह्यलं असं? लोक थुंकतीन.”

“बायाइच्या डोक्यावर बैठक होती तवा तुमाले लोक दिसले नाही काय?”

“ते येगळं.”

“काय येगळं? सांगा ना, मी ऐकून राहिली.”

खुशालरावानं आशेनं भावाकडे पाहिलं. सूर्यभानानं दोराचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं. “पाहू,” तो म्हणाला. “घाई काय हाये? पाऊस झाल्यावर पाहू.”

“पाऊस झाल्यावर खंदता येत नाही,” माणिकबाई म्हणाली. “अन् आता खंदलं ते तसंच ठेवलं तं एका पावसात बुजन.”

“तरीबी. दोन्ही बाजू पाहू.”

“मी नाही जानार खाली.”

हा आवाज कुणाचा ते ओसरीतल्या लोकांना एकदम कळलं नाही. कौशल्या दाराच्या चौकटीत उभी होती. पदर होता, नाकापर्यंतच होता, पण ती जावेच्या कानात बोलली नव्हती. भासऱ्यासमोर, गवंड्यासमोर, कामावरच्या बायांसमोर बोलली होती. नऊ वर्षांत सूर्यभानानं तिचा आवाज पहिल्यांदा असा समोरून ऐकला.

“वरच मले धड दम घेता येत नाही,” ती म्हणाली. “खाली मी नाही जानार.” आणि खोकत आत गेली.

खुशालराव उठला, दारापर्यंत गेला, आणि तिथं नुसताच उभा राहिला. त्याला रागवायचं असावं. पण त्याच्याच घशात अजून तूस होता, आणि आतून येणारा खोकला त्यानं आज पहिल्यांदा ऐकल्यासारखा ऐकला.

“म्या बोलावलं म्हनून या साऱ्या येतेत,” माणिकबाई रेच्यावरच्या बायांकडे हात करून सूर्यभानाला म्हणाली. “खाली बसवलं तं यायच्यातली एकबी येनार नाही. मीच सांगन त्याइले, येऊ नका म्हनून. कौशल्या जानार नाही. मी तं नाहीच नाही. मंग कापूस सरकीसकट ठेवा तळघरात, गव्हासारखा.”

गंगूबाई, चौघींतली थोरली, मूठ न थांबवता म्हणाली, “आमी कायले जातो बापा भोकात.”

सूर्यभानानं दोर बाजूला ठेवला. त्यानं बायकोच्या हाताकडे पाहिलं. तळव्यावर फोड आला होता. “तेल लावलं काय?” त्यानं विचारलं.

“लावते.”

“खुशाल,” तो म्हणाला आणि थांबला. पुढचा शब्द कोणता असणार हे ओसरीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचं तोंड त्या शब्दासाठी उघडलंही.

“पाहून झालं,” माणिकबाई म्हणाली. “आता ऐका सारे. वाटेकडे भिंत होनार नाही, चार खांब होतीन. बैठक खाली होईन. रेचे वर राहतीन, निंबाच्या अंगाले, तिन्ही बाजू मोकळ्या. मांगं चर खंदाचा. देवीदास, उद्या सकाळी कामाले लागा.”